तांड्याची टाकी फाईलीत नाही

मित्रांनो, लोक मला जुना म्हणतात. तसा मी सात वर्षांचाच आहे. पण आमच्या जातीत सात वर्षं म्हणजे म्हातारपण. मी एक पत्र्याचा डबा आहे, तुमच्या कंपासपेटीपेक्षा थोडा मोठा. कागदावर माझं नाव डिव्हाइस सर्व्हर असं आहे. त्या नावानं मला क्वचितच कुणी हाक मारली. पंपघरावरचा हरिचंद मला नुसतं 'डबा' म्हणायचा. मला ते आवडायचं, कारण हाक मारताना तो माझ्याकडे बघायचा.

मला कुठे बनवलं ते माझ्या खोक्यावर लिहिलेलं होतं. खोकं पहिल्याच दिवशी चुलीत गेलं, त्यामुळे माझं जन्मगाव मी तुम्हाला सांगू शकत नाही. पुढचं सगळं मात्र सांगतो. गोड नाही, पण खरं आहे.

सेनगावहून गोरेगावकडे जाताना एका टेकडीच्या पायथ्याशी आमचं पंपघर. तिथून तीन गावांना आणि लच्छा नाईक तांड्याला पिण्याचं पाणी जायचं. प्रत्येक ठिकाणी एक उंच टाकी आणि प्रत्येक टाकीत पाण्याची पातळी मोजणारा एक काटा. हे काटे बोलतात, पण त्यांची बोली जुनी. तारेवरून, एकेक अक्षर. सेनगावच्या ऑफिसातला मोठा कंप्युटर नव्या बोलीतला. त्याला काट्याचं बोलणं कळत नाही आणि काट्याला त्याचं. दोघांच्या मध्ये मी उभा. काटा म्हणाला 'अर्धी भरली', की मी ते कंप्युटरला त्याच्या भाषेत सांगायचं. कंप्युटर मग ज्या टाकीत पाणी कमी असेल तिचा व्हॉल्व्ह उघडायचा. काम दुभाष्याचं, पण गावाची तहान त्यावर अवलंबून.

मला चार तोंडं आहेत. कोणत्या तोंडाला कोण जोडलंय, तो किती वेगानं बोलतो, त्याचा निरोप कुठे पोचवायचा, हे सगळं मला आधी कुणीतरी सांगावं लागतं. मी माझ्या मनानं काही ठरवत नाही. सांगितलेलं सगळं माझ्या पोटात एका फाईलीत राहतं. ही फाईल बाहेर काढून ठेवता येते, त्याला एक्स्पोर्ट म्हणतात. बाहेरून दुसरी फाईल माझ्या पोटात घालता येते, त्याला इम्पोर्ट म्हणतात. एवढं नीट ध्यानात ठेवा: नवी फाईल आत आली की जुनी पुसली जाते. एका पोटात दोन फाईली नांदत नाहीत. जुनी परत हवी असेल, तर ती आधी बाहेर काढून ठेवलेली असावी लागते.

मला बसवलं तेव्हा योजनेत तीनच टाक्या होत्या. तांड्याचं नाव त्यात नव्हतं. तांड्यातली माणसं एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायची. आता टेकडीच्या उतारावर सोयाबीन आणि तूर करतात. त्यांची टाकी दीड वर्षानं आली, आणि ती मोतीबाईमुळे आली. मोतीबाई ही हरिचंदची काकू. तिचा नवरा तांड्याचा नाईक होता. तो गेल्यावर मान तिच्याकडे आला. योजनेचे लोक जमीन मोजायला आले तेव्हा ती त्यांच्या टेपवर पाय ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या टेकडीवरून नळी नेता, आन आमालाच पानी न्हाई? मंग नळी डोक्यावरून न्या."

हरिचंदनं तेव्हा मध्ये पडून साहेबांना समजावलं, काकूलाही समजावलं. टाकी मिळेल, असा शब्द त्यानं तांड्याला दिला. टाकी मिळाली. पण तिच्यासाठी आलेला काटा कुठल्यातरी बंद पडलेल्या योजनेतून काढून आणलेला होता.

तो जोडायला शितल आली. हिंगोलीची मुलगी, कंपनीनं कंत्राटावर घेतलेली. ती सकाळी दहाला पंपघरात येऊन माझ्यासमोर बसली ती दुपार उलटून गेली तरी उठली नाही. वायरी बदलून पाहिल्या, माझं चौथं तोंड पुसून पाहिलं. काटा बोलत होता, पण माझ्यापर्यंत नुसता कचरा येत होता.

"काका, हा काटा बोलतोय काय तेच कळत नाही," ती हरिचंदला म्हणाली.

हरिचंद दारात बसून भाकरी खात होता. तो म्हणाला, "म्हातारा हाय ताई त्यो. म्हाताऱ्याला घाई करू नका. जरा हळू बोलून बघा."

शितल हसली. मग हसता हसता थांबली. तिनं माझ्या चौथ्या तोंडाचा वेग कमी केला. अजून कमी केला. सगळ्यात खालच्या वेगावर आल्यावर काट्याचं पहिलं अक्षर मला स्पष्ट ऐकू आलं. 'रिकामी', तो म्हणाला. एवढा वेळ तो बिचारा तेच सांगत होता.

संध्याकाळपर्यंत तांड्याच्या टाकीत पाणी चढलं.

निघण्याआधी शितलनं माझी फाईल बाहेर काढली. एक प्रत तिनं स्वतःच्या कंप्युटरवर ठेवली. दुसरी एका पेनड्राइव्हवर घालून हरिचंदच्या हातात दिली.

"काका, उद्या मी असेन नसेन. कुणीही आलं आणि 'डब्यात नवी फाईल घालतो' म्हणालं, तर आधी सांगायचं, की जुनी बाहेर काढा, मग घाला. मोठा साहेब असला तरी सांगायचं."

"सांगीन की! मला काय कुनाचं भेव हाय?"

"भीती नाही हो काका. तुमचा स्वभाव भिडस्त आहे."

हरिचंदनं पेनड्राइव्ह रुमालात गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला.

त्यानंतरची साडेचार वर्षं माझी चांगली गेली. मी दर मिनिटाला चारी टाक्यांचं ऐकत होतो आणि ऐकलेलं पुढे सांगत होतो. खंडेनवमीला हरिचंद मोटारीला, पान्यांना आणि मला कुंकू लावायचा. तांड्याला उन्हाळ्यात येणारा टँकर बंद झाला. 'या वस्तीला योजनेचे पाणी आहे' असा कागद निघाला. तांड्यानं आनंदानं तो कागद घेतला. पुढे कंपनीनं सगळ्या व्हॉल्व्हच्या हातचाकांना कुलपं घातली, म्हणजे कुणी मध्येच पाणी फिरवू नये. किल्ल्या सेनगावला गेल्या. त्यालाही कुणी हरकत घेतली नाही. पाणी येत होतं ना! मित्रांनो, पाणी येत असलं की माणूस किल्लीची चौकशी करत नाही.

शितलचं कंत्राट संपलं. ती निरोप घ्यायला आली होती. तिच्या जागी भागवत आला.

आता गेल्या मे महिन्यातलं सांगतो.

सेनगावच्या ऑफिसात नवा मोठा कंप्युटर आला. त्याचा पत्ता वेगळा होता. आम्ही नऊ पंपघरांतले नऊ डबे. प्रत्येकाला हा नवा पत्ता सांगायचा होता. खरं तर प्रत्येकाच्या पोटातली एक ओळ बदलली असती तरी पुरे होतं. पण भागवतनं एका पंपघरातल्या डब्यावर सगळं नीट लावलं, त्याची फाईल बाहेर काढली आणि तीच फाईल घेऊन उरलेल्या आठांकडे निघाला. ज्या डब्याची ती फाईल होती, त्याच्याकडे तीनच टाक्या होत्या.

आमच्याकडे तो पोचला त्या दिवशी तांड्यात निताचं लग्न होतं. निता ही हरिचंदची पुतणी. हरिचंद नवा फेटा बांधून मोटार बघायला म्हणून घाईघाईनं पंपघरात आला होता, तेवढ्यात जीप थांबली. भागवत घामानं भिजलेला होता.

"मामा, दोन मिनटाचं काम आहे. सकाळपासून पाचवा डबा. अजून तीन राहिलेत."

"काय करून राहिले साहेब?"

"नवी फाईल टाकून राहिलो."

हरिचंदचं तोंड उघडलं. शितलचं बोलणं त्याला आठवलं होतं, हे मला त्याच्या हातावरून कळलं. तो हात बंडीच्या खिशापाशी गेला. पण त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

"साहेब, सकाळपासून काही खाल्लं का न्हाई?"

"कशाचं खातो मामा! एक चहा."

लच्छा नाईक तांड्यात एक रीत आहे. दारात आलेला माणूस जेवेपर्यंत त्याला शब्दानं टोकायचं नाही. वैरी असला तरी नाही. त्याच्या पोटात अन्न गेलं, की मग काय भांडायचं ते भांडा. आणि त्या दिवशी तर घरात लग्न होतं. उपाशी पाहुण्याला दारातच 'आधी हे करा, मग ते करा' असं हरिचंदच्यानं म्हणवलं नाही. जेवण झाल्यावर सांगू, असं त्यानं ठरवलं.

"मंग चला. आधी दोन घास खा. काम पळून चाललं का?"

"आलोच. तुमी गाडीपाशी थांबा."

हरिचंद बाहेर गेला. जेवणाआधीच काम होऊन जाईल, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याच्या हिशेबानं काम म्हणजे तासाभराचं. शितलला पूर्ण दिवस लागला होता ना! फाईल घालायला दोन मिनिटं पुरतात, आणि ती पुसायला तेवढीही लागत नाहीत, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

मला सांगता येईल तेवढं सांगतो. भागवतनं माझं दार उघडलं आणि फाईल आत सोडली. एक खूण त्यानं बरोबर केली. माझा स्वतःचा पत्ता त्यानं तसाच राहू दिला. त्यामुळे सेनगावच्या पडद्यावर मी लगेच हिरवा दिसलो. पण माझ्या तोंडांची सगळी मांडणी बदलली. पहिली तीन नशिबानं जुळली. चौथ्यापुढे त्या फाईलीत लिहिलं होतं, 'बंद'. आणि मी ते बंद केलं. आज्ञा पाळणं हाच माझा स्वभाव आहे. मला त्याची आता लाज वाटते.

मांडवात हरिचंदनं भागवतला स्वतःच्या हातानं वाढलं. आग्रह करून अजून एकदा वाढलं. हात धुवायला पाणी घातलं. आणि मग म्हणाला, "साहेब, एक सांगायचं व्हतं. फाईल घालायच्या आधी जुनी काढून ठेवा बरं."

"झालं की मामा केव्हाच!"

"जुनी काढली?"

"कशाला? नऊ डबे, एक फाईल. आता सगळे सारखे."

जवळ बसलेला कुणीतरी म्हणाला, "सारखं झालं म्हंजे बराबर झालं." सगळे हसले. हरिचंदही हसला. त्या हसण्याचं त्याला नंतर फार वाईट वाटायचं. तो ते मोटारीला सांगायचा. माझ्याशी तो त्यानंतर सरळ कधी बोलला नाही, पण पंपघर एवढंसं, मला सगळं ऐकू यायचं.

लग्नापुरतं पाणी टाकीत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मोतीबाई रिकामी घागर घेऊन पंपघरात आली. ती घागर तिनं मोटारीसमोर आपटली.

"हरिचंद, पानी काहून येईना?"

"मोटार तर चालू हाय काकू."

"मोटार चालू हाय तं मोटारीला पाज घागर. माझ्या नळाला काय झालं?"

"बघतो. सेनगावला फोन लावतो."

"तू शब्द देल्ता तांड्याला. फोननं न्हवता देल्ता."

त्या वेळी माझ्या चौथ्या तारेवर काटा बोलत होता. मला ते जाणवत होतं. भिंतीपलीकडे कुणी बोलावं तसं काहीतरी थरथरत होतं. पण माझं ते तोंड बंद होतं. मला एवढंच कळायचं, की कुणीतरी काहीतरी सांगतंय, आणि मला ते ऐकायची परवानगी नाही.

फोनवर कुणी नीट बोललं नाही, म्हणून हरिचंद जीपनं सेनगावला गेला. तिथे काय झालं ते त्यानं परत आल्यावर मोटारीला सांगितलं, अगदी त्यांच्या आवाजात.

साहेब पडद्यासमोर बसले होते. म्हणाले, "तुमच्या पंपघराच्या तीन टाक्या. तिन्हींत पाणी आहे. बघा, हिरव्या."

"चौथी हाय साहेब. तांड्याची."

"इथं तीनच आहेत."

"साहेब, मी रोज तिच्या सावलीत बसून भाकर खातो."

"पडद्यावर नाही ना पण."

"मंग पडद्यावर घाला."

"जे वरून येतं तेच पडद्यावर दिसतं. आम्ही काय मनानं टाक्या काढायच्या का?"

मग हरिचंदनं निदान टँकर मागितला. दुसऱ्या टेबलावर त्यासाठी दुसरा माणूस होता. त्यानं कागद काढून दाखवला. या वस्तीला योजनेचे पाणी आहे. टँकर देता येत नाही.

मित्रांनो, नीट बघा. एका कागदावर तांड्याला टाकी होती, म्हणून टँकर नाही. दुसऱ्या पडद्यावर तांड्याला टाकी नव्हती, म्हणून पाणी नाही. हे दोन्ही एकाच खोलीत, दोन टेबलांवर. मधल्या चार पावलांत हरिचंद तीनदा जाऊन आला.

त्यानं शितलला फोन लावला. ती आता छत्रपती संभाजीनगरला कुठेतरी कामाला होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"काका, डब्याचं चौथं पोर्ट, तांड्याच्या काट्याचं तोंड, बंद पडलंय. बाकी काही नाही. तुमच्याकडच्या पेनड्राइव्हमध्ये जुनी फाईल आहे. भागवतना म्हणावं, तिच्यात फक्त नवा पत्ता बदला आणि ती घाला. पाच मिनिटांचं काम आहे."

"तुमी येता का ताई?"

"मला आता त्या डब्याला हात लावायचा अधिकार नाही, काका. पासवर्डही बदललाय."

हरिचंदनं भागवतला गाठलं. रुमाल सोडून पेनड्राइव्ह त्याच्यापुढे धरला. भागवतनं तो हातातही घेतला नाही.

"मामा, बाहेरचा पेनड्राइव्ह चालत न्हाई. कंपनीचा नियम आहे. त्यात काय किडे असतील कुनाला माहीत."

"किडे न्हाईत साहेब. चार वर्षं रुमालात ठेवलाय."

आजूबाजूचे खो खो हसले. हरिचंदनं पेनड्राइव्ह परत रुमालात बांधला.

तांड्यातल्या बाया आता दोन कोसांवरच्या वैजनाथ पाटलाच्या मळ्यातल्या विहिरीवर जाऊ लागल्या. वैजनाथ पाणी भरू द्यायचा, पण बोलल्याशिवाय नाही. "काहून ग बायांनो, तुमच्याकडं तर कंप्युटरची टाकी हाय म्हनं? तिला तहान लागली का?" बाया मुकाट्यानं पोहरा सोडायच्या. घरी येऊन मात्र त्या हरिचंदच्या दारावरून जाताना मुद्दाम घागरी वाजवायच्या. त्या पाटलाला उलटून बोलू शकत नव्हत्या, हरिचंदला बोलू शकत होत्या.

पाणी बंद झाल्याच्या नवव्या दिवशी निता माहेरी आली. सोबत तिचे सासू-सासरे आणि चार माणसं. दुपारची वेळ, वर मे महिन्याचं ऊन. पाहुणे दारात उतरले, आणि पाय धुवायला पाणी नव्हतं. प्यायलाही मोजून. मोतीबाईनं घराघरांतून तांब्या-तांब्या गोळा करून पाहुण्यांपुढे ठेवला. अर्धा अर्धा पेला. निताचा सासरा भला माणूस होता. तो पेला ओठाला लावून तसाच खाली ठेवून म्हणाला, "आमाला तहान न्हाई, माय. वाटंत पिऊन आलो." आणि पाहुणे जेवायला न थांबता परत गेले. निताला घेऊन.

ज्या तांड्यात वैऱ्यालाही उपाशी दारातून जाऊ देत नाहीत, त्या तांड्यातून व्याही तहानलेले गेले.

हरिचंद तिथून सरळ पंपघरात आला. त्याच्या डोक्यावर फेटा नव्हता. त्यानं कोपऱ्यातला मोठा पाना उचलला आणि बाहेर गेला. मी ऐकलं. तीन घाव. चौथ्याला कुलूप तुटलं. मग हातचाक फिरल्याचा तो करकर आवाज. किती दिवसांनी फिरत होतं ते! तांड्याच्या नळीतून पाणी धावायला लागलं आणि भिंत हलल्यासारखी वाटली. काटा माझ्या चौथ्या तारेवर भराभर बोलत होता. तो काय सांगत असेल हे मला न ऐकताच कळलं.

त्या दिवशी तांडा पोटभर प्याला. म्हशींनीही पाणी प्यायलं. मोतीबाई पंपघरात येऊन उंबऱ्यावर बसली. हरिचंदला म्हणाली, "आता तुला काढतील रे."

"काढू दे काकू."

"काहून गेलास जेवायला घालायला त्याला? आधी सांगितलं असतं तं?"

"त्यो उपाशी व्हता."

मोतीबाई म्हणाली, "व्हय. उपाशी व्हता खरा." आणि उठून गेली. ही चूक आपलीसुद्धा आहे, हे तिला पटलं होतं. तिनंच त्याला लहानपणी ती रीत शिकवली होती.

सेनगावच्या पडद्यावर मात्र हिशेब जुळेना. पंपातून निघालेलं पाणी तीन टाक्यांत दिसेना. पाणी चोरलं जातंय, असं ठरलं. नळाला थेंब नव्हता तेव्हा नऊ दिवसांत कुणी फिरकलं नाही. पाणी आलं तेव्हा दुसऱ्याच दिवशी सकाळी जीप आली. साहेब आले, भागवत आला. तुटलेलं कुलूप पिशवीत घातलं. कागद लिहिला.

"पाणी कुठं सोडलं?" साहेबांनी विचारलं.

"टाकीत सोडलं साहेब."

"कोणत्या टाकीत? तिन्ही तर होत्या तशाच आहेत."

हरिचंदनं भागवतकडे बघितलं. भागवत खिडकीपाशी उभा होता. खिडकीतून तांड्याची टाकी सरळ दिसते. पांढरी, उंच, वर निळी पट्टी. भागवतनं ती बघितली. ती बघताना त्याचा चेहरा कसा उतरला, ते मी बघितलं. त्याला सगळं कळलं. एक शब्द पुरला असता: चूक माझ्या फाईलीची आहे. पण तो शब्द काढला असता तर नऊच्या नऊ डबे परत उघडावे लागले असते आणि आणखी कुठे कुठे काय पुसलं गेलं तेही बाहेर आलं असतं.

तो खिडकीपासून वळला आणि म्हणाला, "डबाच खराब झालाय साहेब. जुना आहे. बदलून टाकू."

भागवत आता उपाशी नव्हता, त्याला टोकायला हरकत नव्हती. पण हरिचंदच्या डोळ्यांपुढे मांडवातलं त्याचं ताट असावं. खाल्ल्या मिठाची आठवण करून देणं त्याच्या तोंडात बसत नव्हतं.

हरिचंदला कामावरून काढलं. कारण लिहिलं: कुलूप तोडून पाणी वळवणे. मला काढलं. कारण लिहिलं: जुना, सदोष.

मला भिंतीवरून उतरवण्याआधी भागवतनं एक काम केलं. त्यानं माझी फाईल बाहेर काढून ठेवली. अगदी नियमाप्रमाणे, व्यवस्थित. तारीख घातली, नाव घातलं. साहेबांनी त्याला शाबासकी दिली. मग तीच फाईल त्यानं माझ्या जागी बसवलेल्या नव्या कोऱ्या डब्यात घातली. नवा डबा लगेच हिरवा झाला. तीन टाक्या, तिन्ही भरलेल्या. साहेब म्हणाले, "बघा, डबा बदलला आणि प्रश्न मिटला."

नवं कुलूप पहिल्यापेक्षा मोठं आहे.

तांड्यातल्या बाया अजून वैजनाथच्या विहिरीवर जातात. पाऊस आला की ओढ्याचं गढूळ पाणी मिळतं, तेवढीच पायपीट कमी. हरिचंद दुसऱ्याच्या रानात कामाला जातो. पंपघरासमोरून जाताना तो मान वळवत नाही, असं मी इथे गोदामात आलेल्या एका जुन्या व्हॉल्व्हकडून ऐकलं.

मित्रांनो, आता माझी एक विनंती ऐका. माझ्यातली वीज गेली, पण फाईल गेली नाही. आमच्या पोटातली फाईल विजेवाचून वर्षानुवर्षं टिकते. इथला माणूस परवा मला हातात घेऊन दुसऱ्याला म्हणत होता, "हा चालू आहे की रे. कुठंतरी लावू." लावतील. कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी पंपघरात. तुमच्यातलं कुणी मोठं होऊन असल्या कामाला लागेल. तेव्हा माझ्यासारख्या डब्यात काही घालण्याआधी त्याच्यात काय आहे ते बाहेर काढून वाचा. दुसऱ्या गावाची फाईल आपल्या गावाला लावण्याआधी दाराबाहेर जा आणि टाक्या मोजा. पाणी भरणाऱ्या बाईला विचारा. तिला पडद्यापेक्षा जास्त माहीत असतं. आणि भिडस्त माणूस तुम्हाला जेवायला बोलावत असेल, तर जाण्याआधी त्याला विचारा, की काही सांगायचं राहिलंय का.

मला मात्र विचारू नका. ज्या गावात मला लावाल, तिथे टाक्या किती, असं मला विचाराल, तर मी तीनच सांगेन.